देवळातले कातीव लाकूड आणि त्यावरचे सोने

वऱ्हाडात गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होत आले आहेत. काम निघाले की पहिल्या आठवड्यात काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. देवाला तात्पुरत्या जागी बसवितात, सभामंडपाचे कवेलू उतरवितात, आणि मग आतले लाकूड अंगणात येऊन पडते. तुळया, खांब, पाट्या, मोडका देव्हारा, पालखीचा कठडा, चवरीची मूठ, चौरंगाचे तीन पाय (चौथा कधी गेला ते कोणीच सांगू शकत नाही). तुळयांना गिऱ्हाईक मिळते. खांब कोणाच्या तरी गोठ्याला लागतात. लहानसहान नक्षीचे तुकडे मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात, आणि महाप्रसादाच्या चुलीला ते फार चांगले पेटतात. नवे देऊळ सिमेंटचे व संगमरवराचे होते. ते व्हावेच, त्यासाठीच तर देणग्या जमतात. परंतु चुलीत गेलेला तुकडा कोणी, कशावर व कसा केला होता, आणि त्यावर सोने का चढविले होते, हे जाळण्यापूर्वी तरी माहीत असणे जरूर आहे.

लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार धरून जे काम करतात त्यास खरादकाम म्हणतात. यंत्र तो खराद व करणारा तो खरादी. मराठीत यालाच कातणे असाही शब्द आहे आणि काम करणाऱ्यास कातारी म्हणतात. सूत कातण्यात चाती फिरते, लाकूड कातण्यात लाकूड फिरते. हा धंदा फार जुना आहे. बौद्धांच्या पाली ग्रंथांत सतिपट्ठान सुत्त म्हणून प्रकरण आहे. त्यात श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे समजावून देताना खरादी व त्याच्या शागीर्दाचा दाखला दिला आहे. लांब ओढ घेतली तर ती लांब आहे हे त्याला कळत असते, आखूड घेतली तर ती आखूड आहे हे कळत असते, असा त्याचा भावार्थ आहे. ऐकणाऱ्यांनी खराद रोज पाहिला असल्याखेरीज असा दाखला कोणी देणार नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे काम गावाच्या डोळ्यांसमोरचे होते.

दाखल्यातली ओढ ती दोरीची. जुना खराद म्हणजे समोरासमोर बसविलेले दोन ठोकळे व त्यांना आतल्या बाजूने लोखंडी अणकुच्या. मध्ये लाकूड धरायचे, त्याला दोरीचे वेढे द्यायचे, आणि समोर बसलेल्या मुलाने किंवा घरच्या बाईने दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. पटाशी पुढच्या फेरीलाच कापते. मागच्या फेरीला कातारी हात नकळत किंचित मागे घेतो. जमिनीवर बसून, हत्याराला पायाच्या अंगठ्याचा टेकू देऊन हे चाललेले असते. दोरी ओढणारा चुकला की पटाशी लाकडात रुतते आणि दिवसाचे काम फुकट जाते. असे असूनही, वस्तू कातारणीने केली असे कोणी म्हणत नाही, कातारीने केली असेच म्हणतात.

या खरादावर गावाच्या नित्याच्या वस्तू होत. लाटणी, रव्या, बाजेचे पाय, पाळण्याच्या कठड्याच्या कांड्या, भोवरे. अमरावतीपासून नागपूरपर्यंतच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी इ. स. १८०६ च्या सुमारास तो सुरू केला असे सांगतात. त्या दिवशी मुले दोरीने ओढतात तो लाकडी नंदी सुताराचा असला तरी त्याची चाके खरादावरचीच. देवळाला लागणाऱ्या वस्तूही याच हातांनी होत. चवरीची व मोरचेलाची मूठ, अब्दागिरीची काठी, चोपदाराच्या काठीचा गोंडा, चौरंगाचे पाय, देव्हाऱ्याचे चार खांब आणि माथ्यावरचा लाकडी कळस.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. बारा बलुतेदारांच्या प्रचलित यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कातारी नाही. त्याला खळ्यावर बलुते नव्हते. तो वस्तू करून बाजारात व जत्रेत विकी. बलुतेदाराचे नाव वतनाच्या कागदात येते, त्याच्या हक्काचा तंटा झाला तर निवाडाही दप्तरात राहतो. ज्याला हक्कच नाही त्याचा तंटा कसला व नोंद कसली? म्हणून शेकडो देवळांत कातीव काम असूनही करणाऱ्यांची नावे मिळत नाहीत. देणाऱ्यांची मिळतात, कारण ती दगडात कोरलेली असतात.

लाकडाची वऱ्हाडात वाण नव्हती. उत्तरेस मेळघाट, आणि त्याच्या पायथ्याशी परतवाडा, जेथील लाकडाचा बाजार प्रसिद्ध आहे. साग तर सर्वांच्या ओळखीचा. पण खरादावर सर्वच झाडे सारखी उतरत नाहीत. हळदूचे पिवळसर लाकूड बारीक पोताचे व एकसारखे. ते उत्तम कातले जाते. शिसम जड व काळसर, त्याला घासूनच चकाकी येते. काळ्या कुड्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे व मऊसर असते. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी याच लाकडाची होतात. शिवण हलकी, पण एकदा वाळली की फुगत नाही, वाकत नाही. सागाचे गुण निराळे. पुण्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात छताला लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या आहेत त्या सागाच्या. मात्र सागाच्या अंगी तेल असते, आणि तेलकट अंगावर सरस नीट धरत नाही. ज्या वस्तूवर रंग व सोने चढवायचे ती सागाची करावी की शिवणीची, हा विचार जुने कारागीर आधी करीत. आजचे गिऱ्हाईक सागाशिवाय दुसरे नाव ऐकून घेत नाही.

नुसते कातलेले लाकूड गोल असते. लाटणे गोल, कळस गोल, खांब गोल. त्याला कमळ, केळफूल, मोर, वेल असे रूप द्यायचे तर ते खरादावरून उतरवून पटाशीने कोरावे लागते. लोकांना वाटते की कोरणारा मुख्य व कातणारा मजूर. प्रत्यक्षात निम्मे कोरीव काम खरादावरच ठरून जाते. देव्हाऱ्याच्या खांबावर मध्यभागी कमळ यायचे असेल तर कातारीने त्या जागी लाकडाचा जाड कडा ठेवायला हवा, त्याच्या खाली-वर खोल गळा घ्यायला हवा, आणि कडा किती जाड हे पाकळी किती उचलायची यावर अवलंबून. त्याने पाव इंच कमी ठेवले तर कोरणाऱ्याच्या हातात ते पाव इंच कोठून येणार? काढलेले लाकूड परत लावता येत नाही. मग कंपासने त्या कड्याचे आठ किंवा सोळा भाग पाडतात व पाकळ्या आखतात. वस्तू खरादावर खरी गोल उतरली असेल तर शेवटची पाकळी पहिलीला बरोबर येऊन भिडते. गोलाईत खोट असेल तर शेवटची पाकळी अरुंद येते. जुन्या कळसावर अशी अरुंद पाकळी भिंतीकडच्या बाजूला वळविलेली कधीकधी सापडते, आणि ती पाहून हसू येते.

लाकडाची शीर हा दुसरा विषय. उभा खांब कातला तर शिरा उभ्याच राहतात व पटाशी सरळ चालते. पण ताटासारखी पसरट वस्तू, समजा छताच्या मध्यावरचे कमळ, फळीतून कातले तर एका फेऱ्यात शीर दोनदा उभी व दोनदा आडवी येते. त्यामुळे कोरणाऱ्याला दर दोन-तीन पाकळ्यांनंतर हाताची दिशा बदलावी लागते, नाहीतर पाकळीचे टोक उडते. ओले लाकूड कातले तर आणखी निराळेच. सकाळी गोल असलेली वस्तू महिन्याभरात लांबट होते व तडकते, आणि तिच्यावर सोने असेल तर तडा सोन्यातूनही दिसतो.

सभामंडपाच्या मोठ्या खांबांबद्दल एक गैरसमज आहे तोही येथे दूर करावा. पेशवाई थाटाच्या वाड्यांत व देवळांत खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा खांब दिसतो. त्याला सुरूचा खांब म्हणतात, कारण तो सुरूच्या झाडासारखा दिसतो. दिल्ली-आग्र्याकडे शहाजहानच्या काळात (इ. स. १६२८ ते १६५८) दगडात हा घाट फार चालला, आणि पुढे मराठ्यांच्या वाड्यांत तो सागवानात उतरला. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात, जो १८०७ च्या सुमाराचा, हे खांब आजही पाहायला मिळतात. ते पाहून खरादावरचेच वाटतात. परंतु दहा-बारा फुटी सोट दोरीच्या खरादावर फिरविणे सोपे नव्हे. असे खांब बहुधा वाकसाने तासून व पटाशीने घोटून गोल केलेले असतात. म्हणजे लहान देव्हाऱ्याचा खांब खरादाने घडविला, आणि मोठा खांब सुताराने खरादाची नक्कल करून घडविला. त्याही आधी हेमाडपंती देवळांत दगडाने हीच नक्कल केली होती. बार्शीटाकळीचे कालिकादेवीचे देऊळ किंवा दर्यापूर तालुक्यातले लासूरचे आनंदेश्वर पाहावे. काळ्या दगडाच्या खांबांवर एकावर एक कडी अशी चढविली आहेत की जणू दगड फिरता होता.

वऱ्हाडातले जुने लाकडी काम विखुरलेले का, त्याचे कारण इतिहासात आहे. पुणे, सातारा, सावंतवाडी यांना एकेक धनी होता. वऱ्हाडाला दोन होते. अठराव्या शतकात निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच मुलखावर चाले, आणि वसूल दोघांत वाटला जाई. त्याला दोअमली म्हणत. रयतेला दोघांचेही शिपाई पोसावे लागत. दोन धन्यांच्या गावात पदरी कारागीर ठेवणार कोण? भोसल्यांचा पैसा नागपुरात खर्च होई. तेथे त्यांनी काळ्या दगडाचा व कोरीव लाकडाचा मोठा राजवाडा बांधला होता. तो १८६४ साली जळाला आणि नगारखाना तेवढा उरला. पुण्याचा शनिवारवाडा त्याआधी १८२८ साली जळालेला. लाकडी कलेचा इतिहास लिहिताना आगीचा इतिहास लिहावा लागतो तो असा. इकडे १८०३ च्या नोव्हेंबरात आडगावची लढाई व डिसेंबरात गाविलगडचा पाडाव झाला, भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क गेला व निजाम एकटा धनी झाला. १८५३ च्या करारान्वये कारभार इंग्रजांकडे आला.

या सर्व धामधुमीत एक गाव आपल्या व्यापारावर टिकून राहिले, ते कारंजा. पूर्वी हे अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे. येथे दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची जुनी पीठे आहेत व त्यांपैकी काष्ठासंघाचे मंदिर लाकडावरील कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. वऱ्हाडात जुने देवळी लाकूडकाम काय तोलाचे होते हे पाहायचे असेल त्याने पुण्यास जाण्यापूर्वी कारंज्यास जावे. एस. टी. ने सहज जाता येते.

वऱ्हाडी खेड्यांच्या हातात पैसा खेळू लागला तो कापसाने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो खामगावच्या कापूस बाजारासाठी व आगगाडीच्या फाट्यासाठी स्वतः आले. त्या तेजीत सावकार, देशमुख व पाटील यांच्या हाती पैसा आला. असा पैसा वाड्याच्या चौकात दिसतो आणि गावच्या देवळात दिसतो.

आता सोन्याविषयी. देवळातले लाकूड सोनेरी का करावे, याचे उत्तर गाभाऱ्यात आहे. गाभाऱ्यात उजेड एका समईचा. रंग कितीही चांगला असो, समईत तो काळाच दिसतो. सोने तेवढा उजेड परत फेकते, आणि ज्योत हलली की पाकळ्या हलल्यासारख्या वाटतात. सपाट पृष्ठभागावर हे होत नाही. त्यासाठी खालचे लाकूड कातून गोल व कोरून उंचसखल केलेले असावे लागते. ट्यूबलाइट लावली की हे सर्व जाते, हे सांगितले तर समितीला आवडत नाही. पण ते खरे आहे.

सोन्याचा वर्ख किती पातळ असतो? मिठाईवरचा चांदीचा वर्ख सर्वांनी पाहिला आहे; तो फुंकरीने उडतो. सोने त्याहूनही पातळ ठोकता येते. चामड्याच्या पातळ पानांत ठेवून ते तासन्‌तास ठोकतात, आणि जाडी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत येते. हिशेब करून पाहावा. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तेवढ्या सोन्याचा इतका पातळ वर्ख सुमारे ६५ चौरस फूट जागा झाकतो. लहान देव्हाऱ्याची दर्शनी बाजू १० चौरस फूट धरली तर निव्वळ सोने २ मासेसुद्धा लागत नाही. कोरीव खाचाखोचा, पानावर पान चढणे व वाया जाणे धरून थोडे जास्त. अंगठीपुरत्या सोन्यात देव्हारा होतो. खर्च असतो तो खालच्या कामाचा.

ते खालचे काम असे. वाळलेल्या कोरीव लाकडाला प्रथम पातळ सरस देतात. मग खडूची किंवा तत्सम पांढरी भुकटी सरसात कालवून तिचे पातळ थर, एक वाळला की दुसरा, असे सहा-आठ देतात व घासून आरशासारखे गुळगुळीत करतात. या थरांनी कोरीव कामाच्या कडा बुजतात, म्हणून त्या पुन्हा बारीक पटाशीने काढाव्या लागतात. म्हणजे एकच पाकळी दोनदा कोरायची. त्यावर तांबड्या मातीचा, कावेसारखा, सरसात घोटलेला थर. तो ओलसर करून वर्ख मऊ कुंच्याने टेकवितात आणि नेमक्या वेळी, फार ओले नाही व फार कोरडे नाही अशा बेताने, अकीक दगडाच्या घोटणीने घोटतात. तेव्हा वर्खाचे घन सोने दिसू लागते. खालची तांबडी माती त्याला ऊब देते. दुसरी रीत जवसाच्या तेलाच्या चिकट रोगणावर वर्ख बसविण्याची. ती घोटता येत नाही, झळाळी कमी. पण पाण्याला दाद देत नाही. म्हणून उघड्यावरच्या वस्तूंना तेलाची रीत व आतल्या वस्तूंना सरसाची.

आपल्या बाजूला सरसाच्या रीतीचा सर्वांत मोठा साठा कोठे आहे म्हणाल, तर गोव्यात, जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये. बॉम जेझू चर्चचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले व १६०५ साली ते पुरे झाले. तेथील मुख्य वेदीची मागची भिंत जमिनीपासून वरपर्यंत कोरीव लाकडाची व सोन्याने मढविलेली आहे. पिळाचे खांब, वेली, देवदूत. शेजारच्या से कॅथेड्रलमध्येही तसेच. धर्म पोर्तुगिजांचा व रीत युरोपची, पण कामावरचे बरेचसे हात येथलेच होते. ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा ठराव तेथील धर्मपरिषदेने १५६७ साली केला. करवून घेत नसते तर मनाई कशाला केली असती? त्याच गोव्यात कुंकळ्ळीचे चितारी आजवर खरादावर पाट, पाळणे करून लाखेने रंगवीत आले आहेत.

चितारी हे नाव पुन्हा भेटते ते सावंतवाडीस. तेथे चितार आळी आहे व लाकडी फळे, खेळणी, चौरंग, देव्हारे यांची दुकाने आहेत. तिसरे खेम सावंत (१७५५ ते १८०३) यांच्या काळापासून तेथे गंजिफांची कला वाढली. पुढे ती मरू घातली तेव्हा शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिरांना राजवाड्यात बसवून तरुणांस शिकविले. सत्त्वशीलादेवी २०१८ साली वारल्या. संस्थान गेले तरी राजवाड्याच्या दरबार दालनात कारागीर रंगकाम करीत बसतात, ही गोष्ट वऱ्हाडच्या वाट्याला आली नाही.

लाखेचे काम समजून घेण्यासारखे आहे, कारण लाख आपल्या पळसावरही होते. लाकूड खरादावर फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाने ऊन होऊन लाख वितळते व लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घोटतात. निराळा कुंचला नाही, निराळी भट्टी नाही. गुजरातेत संखेडा येथे खरादी लोक याच्यापुढे गेले. ते सागाच्या कातीव पायांवर व झोपाळ्यांवर कथलाच्या पातळ पत्रीची नक्षी काढतात व वर पिवळसर लाख देतात. खालचा पांढरा कथील लाखेतून पाहिला की सोने दिसते. सोन्याचा गुंजभरही अंश नसतो. इकडे दक्षिणेस, पैनगंगेपलीकडे निर्मळ गाव आहे. पूर्वी निजामाच्या राज्यात, आज तेलंगणात, २०१६ पासून त्याच नावाच्या जिल्ह्याचे ठिकाण. तेथील नकाश लोक पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाच्या वस्तू करीत व त्यांची सोनेरी झाक वनस्पतींच्या रसापासून काढीत. वऱ्हाडही १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, त्यामुळे निर्मळचे काम आपल्याला परके नव्हे.

कथलाचे सोने किंवा झाडपाल्याचे सोने यांत फसवणूक मानू नये. देणाऱ्याची ऐपत पाहून कारागिराने काढलेली ती वाट आहे, आणि ती टिकाऊ आहे. खरी खराबी बाजारच्या डब्यातल्या सोनेरी रंगाने केली. तो रंग बहुधा पितळेच्या भुकटीचा, म्हणजे तांबे व जस्त. पहिल्या नवरात्रात लखलखतो, तिसऱ्या पावसाळ्यात मळकट होतो, मग हिरवट काळा पडतो. तो काळा पडला म्हणून त्यावर ऑइलपेंटचा हात, तो उडाला म्हणून दुसरा. अशा चार-पाच थरांखाली पाकळ्यांच्या कडा बुजून कमळाचा भोपळा होतो. मग म्हणतात की जुने काम ओबडधोबड होते, काढून टाका. दुसरा धोका भक्तीचाच. देवाची उपकरणी चिंचेने व राखेने घासण्याची आपल्याकडे रीत आहे. तांब्या-पितळेला ते योग्य. सरसावरचे सोने मात्र ओल्या फडक्यानेही सुटते. चिंचेने घासले तर एका सकाळी शंभर वर्षांचे काम पाटावर येते, आणि घासणाऱ्या बाईला वाटते की मळ निघाला.

चांदीच्या पत्र्याचेही सांगितले पाहिजे. खामगावची चांदी नामांकित, आणि दात्यांना देव्हारा चांदीने मढवून देण्याची हौस असते. ती उत्तम. पण पत्रा खिळ्यांनी लाकडावर ठोकतात, आणि खाली कोरीव काम असेल तर खिळे पाकळ्यांतून जातात. चांदी द्यायची तर नवीन साध्या लाकडावर द्यावी, एवढी सूचना सोनारास आधी करता येते.

कातारी गावातून कसा गेला, हे कोणत्याही एका वर्षाला घडले नाही. मेळघाटात १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प झाला, जंगलतोडीवर निर्बंध आले, लाकूड महाग झाले. बाजेच्या जागी लोखंडी पलंग आले, लाकडी रवीच्या जागी विजेची, भोवरा प्लास्टिकचा. खरादाला विजेची मोटर लागली आणि दोरी ओढणारे माणूस रिकामे झाले. त्याबद्दल वाईट वाटण्याचे कारण नाही. मोटरीच्या खरादावर एक माणूस दिवसभरात जिन्याच्या कठड्याच्या पन्नास कांड्या काढतो, सर्व एकसारख्या. फक्त कोरणाऱ्यासाठी जाड कडा ठेवायचा असतो, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण पुढे कोरणारा नसतो.

जीर्णोद्धारात जुना देव्हारा, पालखी किंवा कळस अंगणात आला असेल तर तो चुलीकडे जाण्यापूर्वी एक परीक्षा करता येते. तिला पैसा लागत नाही. वस्तूची बैठक उलटी करावी, किंवा मागची, भिंतीकडची बाजू पाहावी; रंगाऱ्याचा हात तेथे बहुधा पोचलेला नसतो. रंगाचा टवका जेथे उडाला असेल तेथे नखाने हलके पाहावे. ऑइलपेंटखाली नुसते लाकूड दिसले तर ती वस्तू मुळात साधी होती. लाखेचा थर असेल तर तो काचेसारखा तुटतो. आणि पांढऱ्या थरावर तांबडी माती दिसली, केसाएवढी का होईना, तर त्या वस्तूवर एके काळी खरे सोने घोटलेले असण्याचा संभव आहे, आणि वरच्या रंगांखाली ते अजूनही असू शकते. अशी वस्तू धुऊ नये, खरवडू नये, कोरड्या सुती कापडात गुंडाळून पावसापासून दूर, हवेशीर जागी ठेवावी, आणि पुरातत्त्व खात्याच्या किंवा वस्तुसंग्रहालयाच्या जाणत्या माणसाला दाखवावी. चौरंगाचे तीन पाय असतील तर तिन्ही ठेवावेत. चौथा त्यांच्यावरून नवा कातता येतो.